एका गोडाऊननं काय फरक पडतो?

वाहतूक परिणाम अहवालांमध्ये एक वाक्य हमखास सापडतं : 'प्रस्तावित विस्तारामुळे लगतच्या रस्त्यांवर लक्षणीय परिणाम होणार नाही.' असे अहवाल तयार करणं हे माझं काम आहे. चौकात वाहनं मोजायची, आकडे तक्त्यात भरायचे, दहा वर्षांनी काय होईल याचा अंदाज मांडायचा. या वाक्यामागचं गणित बहुतेक वेळा बरोबर असतं. पण भिवंडीच्या मानकोली नाक्यावर किंवा अंजूरफाट्याला संध्याकाळी अडकलेल्या रिक्षावाल्याला ते वाचून दाखवा, तो हसेल. प्रत्येक अहवाल सुटा वाचला तर खरा, आणि सगळे एकत्र ठेवले तर खोटे. हे कसं होतं, याचा विचार करताना मला वाटत गेलं की हा प्रश्न इंजिनिअरिंगपेक्षा नीतीचा जास्त आहे.

भिवंडीत इतकी गोडाऊन का, हे आधी थोडक्यात सांगते. मुंबईत माल आणला की जकात भरावी लागायची. त्यामुळे हद्दीबाहेर, तरी शहराच्या जवळ, मुंबई-नाशिक महामार्गाच्या कडेला माल उतरवून ठेवणं व्यापाऱ्यांना परवडायचं. यंत्रमागांच्या या गावाभोवती भातशेतीच्या जमिनींवर गाळे उभे राहिले. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि जकात गेली. पण गोडाऊन गेली नाहीत, उलट ती मोठी होऊ लागली. प्रत्येक राज्यात कर वाचवण्यासाठी वेगळं छोटं गोडाऊन ठेवायची गरज संपली होती. त्यात ऑनलाइन खरेदी वाढली. म्हणून आता नव्या गोडाऊनसोबत जुन्याच्या विस्ताराचेही अर्ज येतात.

विस्ताराचा हिशेब असा होतो. आधी आजची वाहनं मोजायची. मग तशाच दुसऱ्या गोडाऊनकडे पाहून, वाढीव जागेमुळे किती कंटेनर, टेम्पो आणि कामगारांच्या गाड्या ये-जा करतील ते काढायचं. ती भर कुठल्या रस्त्यावर किती पडेल ते वाटायचं. शेवटी सर्वांत गर्दीच्या तासाला रस्त्याची क्षमता पुरते का ते पाहायचं.

आता गोल आकडे घेऊन बघू. समजा, एका रस्त्याची क्षमता तासाला 2,000 वाहनांची आहे आणि आज 1,800 वाहनं जातात. विस्तारामुळे 100 वाढणार. म्हणजे वाढ साधारण साडेपाच टक्के. ऐकायला किरकोळ वाटते. पण रांगेचं साधं गणित वेगळं सांगतं. रस्ता 90 टक्के भरलेला असताना जितकं थांबावं लागतं, त्याच्या दुप्पट 95 टक्क्यांना थांबावं लागतं. खरा रस्ता या सूत्राइतका शिस्तीत वागत नाही, पण वक्र असाच वर चढतो. आता तेच 100 जर 400 वाहनांच्या मोकळ्या रस्त्यावर आले, तर वाढ 25 टक्के दिसेल आणि थांबण्यात जवळजवळ काहीच फरक पडणार नाही. जिथे कोणाला त्रास नाही तिथे टक्का मोठा, आणि जिथे माणूस तासभर अडकतो तिथे टक्का छोटा. रस्ता जितका बिघडलेला, तितकं त्यात भर घालणाऱ्याचं पाप हलकं.

चांगले अहवाल नुसत्या टक्क्यावर थांबत नाहीत, क्षमतेशीही तुलना करतात. रस्त्याला 'ए' ते 'एफ' अशी श्रेणी देतात. ही पद्धत अमेरिकेच्या 1965 च्या हायवे कपॅसिटी मॅन्युअलमधून जगभर पसरली. 'ए' म्हणजे मोकळा, 'एफ' म्हणजे कोलमडलेला. पण 'एफ'च्या खाली अक्षर नाही. मग तक्त्यात येतं : प्रकल्पाशिवाय 'एफ', प्रकल्पासह 'एफ', बदल नाही. नापास झालेल्याला आणखी नापास करता येत नाही, असं हे तर्कशास्त्र.

दुसरी गोष्ट मोजण्याच्या एककाची. वेगवेगळी वाहनं एका मापात आणायला पीसीयू वापरतात : कार म्हणजे एक, बाकीची तिच्या पटीत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या ग्रामीण रस्त्यांसाठीच्या 1990 च्या तक्त्यात मोटारसायकल अर्धी, सायकल अर्धी, ट्रक तीन, बस तीन, हातगाडी तीन, बैलगाडी आठ. बैलगाडीला आठ, कारण ती इतरांना सर्वांत जास्त अडवते. रस्त्याची क्षमता काढायला हे माप योग्यच आहे. पण त्याचा अर्थ नीट बघा. खोके भरलेला ट्रक तीन आणि पन्नास माणसं भरलेली बसही तीन. आणि चालणाऱ्या माणसाला या तक्त्यात आकडाच नाही. पादचाऱ्यांची मोजणी वेगळ्या कागदावर होते, तीही कोणी मागितली तर. कंटेनरच्या कडेनं, फुटपाथ नसलेल्या रस्त्यावरून शाळेत जाणारी मुलगी गर्दीच्या हिशेबात शून्य असते. ती फुटपाथ नाही म्हणून रस्त्यावर उतरली, तर मात्र अडथळा म्हणून हिशेबात येते.

वेळेचंही तसंच. अवजड वाहनांना दिवसा ठरावीक तासांत बंदी असते, म्हणून बरेच ट्रक रात्री निघतात. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या तासात त्यांचा भार कमी दिसतो. रात्री दोन वाजता रस्त्यालगतच्या घरात कोणाची झोप मोडते, हे या तासाच्या आकड्यात येत नाही. आत जागा मिळेपर्यंत बाहेर रस्त्याच्या कडेला उभ्या ट्रकांची रांगही चालत्या वाहनांच्या मोजणीत येत नाही.

मग दोष कोणाचा? विस्तार करणारा मालक म्हणतो, "मॅडम, माझ्याआधी शंभर गोडाऊन झाली. तेव्हा कोणाला रस्ता आठवला नाही. आता माझ्याच वेळी का?" हा युक्तिवाद मला फेटाळता येत नाही. शेवटी आलेल्याला अडवणं म्हणजे आधी आलेल्यांना बक्षीस देणं. शंभरावं पोतं टाकल्यावर बैल बसला, तर दोष फक्त शंभराव्या पोत्याचा नसतो. पण त्याच युक्तिवादानं चाललं तर दोष कोणाचाच उरत नाही. पहिल्याच्या वेळी रस्ता मोकळा होता, शेवटच्याच्या वेळी तो आधीच बिघडलेला होता.

ब्रिटिश तत्त्वज्ञ जोनाथन ग्लोव्हर यांनी 1975 मध्ये या पेचासाठी एक कल्पित गोष्ट मांडली होती. शंभर दरोडेखोर एका गावात येतात. शंभर गावकऱ्यांच्या ताटात प्रत्येकी शंभर दाणे असतात. एकेका दरोडेखोरानं एकेकाचं ताट पळवलं, तर प्रत्येक जण उघड गुन्हेगार. म्हणून पुढच्या वेळी ते युक्ती करतात : प्रत्येक जण प्रत्येक ताटातून फक्त एक दाणा उचलतो. एका दाण्यानं कोणाला काय फरक पडतो? पण शेवटी सगळी ताटं रिकामीच. अपराधाचे इतके बारीक तुकडे केले की प्रत्येक तुकडा दिसेनासा होतो. आमचा अहवाल नकळत हेच काम करतो. तो 'या एकानं काय फरक पडतो?' एवढंच विचारतो, आणि त्या प्रश्नाचं उत्तर नेहमीच 'फारसा नाही' असं येणार.

मला वाटतं प्रश्न बदलायला हवा. 'तू किती भर घातलीस?' याऐवजी 'एकूण भारात तुझा वाटा किती?' असं विचारायला हवं, आणि हे जुन्या-नव्या सगळ्यांना. आधी त्या परिसराच्या रस्त्यांना एकूण किती झेपेल ते ठरवायचं, मग त्याची वाटणी करायची, आणि रस्ता, ट्रक टर्मिनल, फुटपाथ यांचा खर्च वाट्याच्या प्रमाणात वसूल करायचा. म्हणजे शेवटी आलेल्यावर अन्याय होत नाही आणि आधी आलेला सुटत नाही. हे एका मालकाला जमणारं नाही, एका सल्लागाराला तर नाहीच. ते नियोजन प्राधिकरणाचं काम आहे. सुट्या अर्जांवर सुटे अहवाल मागवत राहणं म्हणजे ते काम टाळणं.

विस्तार नकोच, असं मात्र मी म्हणणार नाही. या गावांतल्या कित्येक घरांची चूल गाळ्यांच्या भाड्यावर चालते. दूरदूरहून आलेले हमाल, लोडर, ड्रायव्हर यांची मजुरी तिथूनच येते. शिवाय मी स्वतः फोनवरून मागवलेला चार्जर अशाच कुठल्या तरी गोडाऊनमधून निघतो. माझ्या एका ऑर्डरनं काय फरक पडतो, हे मीही म्हणू शकते. फक्त ते वाक्य कोणत्या जातीचं आहे, हे आता मला ओळखू येतं.

माझ्या हातात जे आहे ते मी करते. अहवालात कोणी न मागितलेली दोन पानं जोडते. एकावर आसपासचे मंजूर आणि प्रस्तावित सगळे प्रकल्प धरून काढलेला भार, दुसऱ्यावर चालणाऱ्यांची आणि सायकलवाल्यांची मोजणी. कधी ही पानं ठेवली जातात, कधी 'विषयाशी संबंधित नाहीत' म्हणून काढायला सांगतात. काढली, तर 'लक्षणीय परिणाम नाही' हे वाक्य मी लिहीत नाही. 'केवळ या प्रकल्पापुरता विचार केल्यास' हे पाच शब्द त्याच्या आधी घालते. त्या पाच शब्दांवरून वाद होतो, यावरूनच कळतं की ते निरुपद्रवी नाहीत.

तुमच्या गावाजवळ असं काही वाढत असेल, तर माहिती अधिकारात वाहतूक अहवाल मागता येतो. वाचायला इंजिनिअर असायची गरज नाही. तीन गोष्टी शोधा : शेजारचे प्रकल्प धरले आहेत का, मोजणी कोणत्या तासांची आहे, आणि चालणारी माणसं कुठे मोजली आहेत का.