ताणावर सोडलेले दिवस

पंचांगाला विचारलं तर अजून वसंतच चालू आहे. चैत्र आणि वैशाख हे त्याचे दोन महिने; वेदकाळात त्यांना मधू आणि माधव म्हणत. वैशाखाच्या शेवटच्या आठवड्यात, पारा चाळिशीला टेकलेला असताना पुण्यात कुणापुढे वसंताचं नाव काढलंत, तर ऊन लागलं की काय म्हणून तो तुम्हाला सरबत देईल. पण आमच्या घरामागच्या वीस फुटी पट्ट्यापुरतं पंचांग खरं आहे. मोगरा रोज ओंजळभर फुलं देतोय. अनंताच्या कळ्यांना पीळ पडलाय. कुंपणापलीकडचा बहावा झुंबरं टांगून उभा आहे आणि दयाळ पहाटे पाचला जी शीळ सुरू करतो, ती ऊन डोळ्यावर येईपर्यंत थांबवत नाही.

सोमवारी मी वाईला जाणार आहे. एका मैत्रिणीचं कृष्णेकाठचं घर दहा दिवस रिकामं आहे आणि माझं पुस्तक दोन वर्षं अडलेलं आहे. अशा जाण्याला हल्ली ‘रायटिंग रिट्रीट’ म्हणतात. शेजारच्या काकूंना मी नुसतं “लिहायला जाते आहे” असं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “अगं, मग इथे टेबल नाही का तुझ्याकडे?”

टेबल आहे. त्यावर कागद आहेत, टिपणांच्या तीन वह्या आहेत, पेन्सिलीसुद्धा टोक करून ठेवल्या आहेत. गेला आठवडाभर मी त्या टेबलाकडे फिरकलेली नाही. सकाळी चहाचा कप घेऊन मागच्या पायरीवर बसते ती नऊ वाजता पायरी तापली की उठते. संध्याकाळी पुन्हा तीच पायरी. मधल्या वेळात आळी उकरणं, पालापाचोळा बुंध्याशी पसरणं, जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण जुन्या टूथब्रशनं काढणं. एरवी याच कामांना मी टंगळमंगळ म्हटलं असतं, कारण एरवी ती लिखाण चुकवण्यासाठी केलेली असतात. या आठवड्यात चुकवायला काही नाही. लिखाणाला सोमवारची तारीख दिली आहे, त्यामुळे त्याआधीचा वेळ कुणाचंच देणं लागत नाही. असा वेळ पूर्वी शाळेत वार्षिक परीक्षा संपली की निकालापर्यंत मिळायचा, त्यानंतर फारसा कधी मिळाला नाही.

अशा वेळात दिसतं ते वेगळंच असतं. पायरीच्या डाव्या हाताला मे फ्लॉवरची कुंडी आहे. फुटबॉल लिली म्हणतात ती. हिवाळ्यापासून ती कुंडी रिकामी दिसत होती आणि काकूंनी तिच्यात पुदिना लावायचं दोनदा सुचवलं होतं. गेल्या बुधवारी कोरड्या मातीला तडा गेला आणि भाल्याच्या पात्यासारखं काहीतरी वर आलं. पानं नाहीत, काही नाही, नुसता कळा. शनिवारी तो वीतभर झाला. रविवारी त्याची आवरणं सुटली, तेव्हा आत काड्यापेटीतल्या काड्यांसारख्या लाल टोकांच्या कळ्या गच्च उभ्या होत्या. मोजायला बसले आणि साठाच्या पुढे हिशेब चुकला. आता त्या एकेक करून बाहेर कलतायत, उद्या-परवा पुरता लाल चेंडू होईल आणि आठवड्याभरात उतरेल. ही लिली मी नऊ वर्षं दर मे महिन्यात पाहते आहे. पाहते म्हणजे एक दिवस फुललेली दिसते, फोटो काढते. मातीला तडा जाताना यंदा पहिल्यांदा पाहिली.

काम समोर असताना न करणं आणि बागेत बसणं, याला मराठीत काही शब्द आहे का म्हणून शोधत होते. तो शेतीत सापडला. ताण.

शहरात ताण म्हणजे डॉक्टरांनी कमी करायला सांगितलेली गोष्ट. फळबागवाल्यांकडे ती द्यायची गोष्ट आहे. मोसंबी, संत्रं, लिंबू, डाळिंब ही झाडं आपल्या हवेत वर्षभर थोडी थोडी फुलत राहतात आणि कोणत्याच वेळी धड पीक देत नाहीत. म्हणून शेतकरी एक बहार निवडतो. आंबे बहार, मृग बहार किंवा हस्त बहार. निवडलेल्या बहाराच्या आधी काही आठवडे बागेचं पाणी तोडतो. हलक्या जमिनीत कमी दिवस, भारी काळ्या जमिनीत जास्त. याला बाग ताणावर सोडणं म्हणतात. पाणी तुटलं की झाडाची वाढ थांबते, नवी पालवी येत नाही, आणि पानांनी तयार केलेलं अन्न फांद्यांत साठत जातं. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, थोडी गळतात. मग खत घालून पाणी सुरू करायचं, तेही एकदम नाही: आधी हलकं आंबवणीचं, मग चिंबवणीचं, आणि नंतर नेहमीचं. साठवलेलं सगळं तेव्हा फुलांवर येतं.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. जालन्याकडे माझ्या मामाची मोसंबीची बाग होती आणि उन्हाळ्याची सुट्टी तिथे जायची. मामा मृग बहार धरायचा, त्यामुळे आम्ही पोरं पोचायचो तेव्हा बाग नेमकी ताणावर असायची. मी आठ-नऊ वर्षांची असेन. विहिरीत पाणी असताना झाडं सुकत ठेवायची हे मला भयंकर वाटलं. सगळी बाग वाचवणं शक्य नव्हतं, म्हणून विहिरीजवळचं एक झाड निवडलं आणि दुपारी मोठी माणसं पडली की छोट्या बादलीनं त्याला पाणी घालू लागले. आठ-दहा दिवस घातलं असेल. एका सकाळी मामा त्या झाडापाशी थांबला. बाकीची झाडं खंगलेली आणि याच्या शेंड्यांना पोपटी पालवी. त्यानं ओल्या मातीत बोट घातलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “पोरी, आता हे पानंच देणार बघ.”

दिवाळीत गेलो तेव्हा आसपासच्या झाडांवर हिरवी फळं लगडली होती. माझं झाड सगळ्यांत देखणं होतं. गर्द, भरगच्च. त्यावर चार फळं होती.

त्या झाडाची मला अलीकडे वारंवार आठवण येते, कारण गेली दोन वर्षं मी तशीच लिहिते आहे. रोज सकाळी अर्धी बादली. पानं फुटतात: दोन परिच्छेद, एक बरं वाक्य, एक टिपण. थांबत नाही म्हणून साठत नाही, साठत नाही म्हणून फुलत नाही. रोज लिहावं, हात चालता ठेवावा, असं लिहिणाऱ्यांना सांगितलं जातं आणि नव्यानं लिहू लागलेल्यासाठी ते बरोबरही आहे. कोवळ्या कलमाला कुणी ताण देत नाही, ते मरेल. पण वीस-पंचवीस वर्षं लिहिणाऱ्याला रोजच्या पाण्याची सवय नडू शकते, असं मला आता वाटू लागलं आहे.

वाईला जाऊन लिहिण्याला त्यामुळे मी फार मोठं मानत नाही. ते पाणी आहे, आणि पाणी लागतंच. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये मॅकडॉवेल नावाचं एक ठिकाण आहे. संगीतकार एडवर्ड मॅकडॉवेल आणि त्याची पियानोवादक पत्नी मेरियन यांनी ते 1907 मध्ये सुरू केलं. तिथे रानात सुट्या सुट्या झोपड्या आहेत, एकीत एक लेखक किंवा चित्रकार, आणि दुपारचं जेवण टोपलीत घालून दाराशी ठेवून जायची पद्धत आहे. आतल्याचं काम मोडू नये म्हणून. टोपलीची ही गोष्ट ऐकून हळहळत नाही असा लिहिणारा मी पाहिलेला नाही. बायका तर जास्तच. पण त्या झोपडीत जाण्याआधीचा आठवडा लोक कसा घालवतात, याबद्दल कुणी काही सांगत नाही. माझा अंदाज असा की बहुतेक जण राहिलेली कामं उरकत, बिलं भरत, धापा टाकत तिथे पोचतात. ताण न देता थेट पाटानं पाणी.

इथे मला स्वतःलाच थांबवायला हवं. ही उपमा माझ्या फार सोयीची आहे. आळसाला शेतीशास्त्राचा टेकू मिळाला की माणूस वर्ष-वर्ष ‘ताणावर’ राहू शकतो; असे दोन-तीन लेखक माझ्या ओळखीचे आहेत आणि त्यांच्याशी गप्पा मारायला फार मजा येते. ताणाला मोजलेले दिवस असतात. मामा रोज बागेत फिरून पानं बघायचा. ताण जास्त झाला तर फांद्या वाळतात आणि मग कितीही पाणी दिलं तरी त्या हिरव्या होत नाहीत.

दुसरी गोष्ट याहून अवघड आहे. 2012-13 च्या दुष्काळात जालना भागातल्या मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या. टँकरनं पाणी आणून काहींनी झाडं धरली, बऱ्याच जणांनी शेवटी कुऱ्हाड लावली. मामाचीही बाग त्यातच गेली. मी भेटायला गेले तेव्हा बुंधे उपटून बांधावर रचलेले होते आणि मामा ओसरीवर बसून दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलत होता. दिसायला ती झाडं शेवटच्या महिन्यात तशीच दिसली असणार, ताणावरच्या बागेसारखी: मलूल, पिवळी, पानं गळणारी. फरक एवढाच होता की विहीर कोरडी होती. ताण देणं ज्याच्याकडे पाणी आहे त्यालाच परवडतं. आठवडाभर पायरीवर बसणं, दहा दिवस दुसऱ्याच्या घरात जाऊन लिहिणं, मागे कुंड्यांना पाणी घालायला कुणीतरी असणं, ही माझी विहीर आहे. ती नसलेल्या माणसाच्या न लिहिण्याला ताण म्हणण्याचा आगाऊपणा मी करणार नाही.

तरी या आठवड्याचं सुख कमी होत नाही, हेही लिहून ठेवते. मोगऱ्याची कळी संध्याकाळी कधी तोडायची याचा एक क्षण असतो. हिरवट झाक जाऊन ती पांढरी आणि टपोरी झालेली असते, पण टोक अजून मिटलेलं. तेव्हा तोडली की ती रात्री वाटीत फुलते. काल मी दिवे न लावता ती वाट पाहत बसले. साडेआठच्या सुमारास वास बदलला. कळ्यांना हिरव्या देठाचा वास असतो, तो मागे सरला आणि दुसरा पुढे आला. पुस्तकाचा विचार तेव्हा मनात नव्हता असं म्हणणं खोटं होईल. तो होता, पण कोपऱ्यात, हातपाय न आपटता.

आज रविवार. काकूंना बाग समजावून दिली. मोगऱ्याला दोन्ही वेळा, अनंताला सकाळीच, मे फ्लॉवरला बेतानं. पिंपातल्या लिंबाला मात्र थेंबही नाही, हे तीनदा सांगितलं. गेल्या वर्षी त्यानं नुसती पानं दिली, म्हणून यंदा मृगापर्यंत त्याला ताणावर ठेवलंय. अठरा दिवस झालेत, पानं कडेनं वळलीत, बेत चांगला जमलाय. काकूंनी सगळं कानांत प्राण आणून ऐकलं.

संध्याकाळी बॅग भरून शेवटची फेरी मारायला गेले. पिंपाखाली ओल दिसली. माती हाताला गार लागली, चांगली चार बोटं खोल भिजलेली. कुंपणापलीकडून काकू बघत होत्या, हातात झारी तशीच.

“अगं, फारच सुकलं होतं बिचारं,” त्या म्हणाल्या. “माझ्याच्यानं बघवेना.”

मी झारी त्यांच्याकडून घेतली. तळाशी थोडं पाणी उरलं होतं, ते मे फ्लॉवरला घातलं.