परत आलेल्याचं स्वागत, थांबलेल्याचा हिशेब

सोडलेल्या कंपनीत पुन्हा रुजू होणं ही आता पुण्या-मुंबईत नवलाची गोष्ट राहिलेली नाही. कोविडनंतर आयटीतली माणसं इतक्या झपाट्याने इकडची तिकडे गेली, की इन्फोसिसने २०२२ च्या जूनअखेरीस मागच्या बारा महिन्यांत स्वेच्छेने नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण २८.४ टक्के असल्याचं जाहीर केलं होतं. अशा गेलेल्यांतली काही माणसं पुढे आपापल्या जुन्या कंपन्यांत परततात. कुणी मोठ्या पगारावर गेलेलं असतं आणि वर्षभरात तिथला प्रोजेक्टच बंद पडतो. कुणाचे आईवडील गावाकडे एकटे पडतात आणि बंगळुरू फार लांब वाटू लागतं. कुणी ज्या साहेबाला कंटाळून गेलेलं असतं, तो साहेबच निघून जातो.

यात लाजण्यासारखं काहीच नाही, तरी आपल्याकडे लाज वाटते. ‘आता कुठल्या तोंडाने जाऊ?’ असं माणसं खरोखर विचारतात. खाल्ल्या मिठाला जागायचं हा संस्कार आपल्यात खोल रुजला आहे आणि राजीनामा देणं म्हणजे त्या मिठाशी बेइमानी, असं मनाला वाटत राहतं. मला हे पटत नाही. महिन्याच्या कामाचा पगार महिन्याला मिळाला, नोटीस पिरियड पुरा केला, काम नीट सोपवलं, की कुणाचं कुणाकडे देणं उरत नाही. ज्याचं देणं नाही त्याने मान खाली घालून परतायचं कारण नाही.

मला काळजी वाटते ती जो गेलाच नाही त्याची.

परत येण्याची सगळ्यात मोठी गोष्ट मराठी माणसाला ठाऊक आहे, ती नेताजी पालकरांची. स्वराज्याचे सरनोबत. १६६६ च्या सुरुवातीला पन्हाळ्यावरचा हल्ला फसला, नेताजी वेळेवर पोचले नाहीत, शिवाजी महाराजांशी बिनसलं आणि ते विजापूरकरांकडे गेले. तिथून मिर्झाराजांनी त्यांना मोगलांकडे वळवलं. महाराज आग्र्याहून निसटल्यावर औरंगजेबाने नेताजींना कैद केलं, धर्म बदलायला लावला आणि मुहम्मद कुलीखान या नावाने थेट काबूलच्या बाजूला धाडलं. दहा वर्षांनी, १६७६ मध्ये, ते महाराजांकडे परतले. महाराजांनी त्यांना धर्मातही परत घेतलं आणि आपल्यातही. हे आपण अभिमानाने सांगतो आणि सांगायलाच हवं. पण त्याच्या लगतची दुसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. सरनोबती त्या वेळी हंबीरराव मोहित्यांकडे होती. १६७४ मध्ये प्रतापराव गुजर नेसरीला पडल्यावर ती त्यांच्याकडे आली होती, आणि नेताजी परतल्यावरही ती हंबीररावांकडेच राहिली. त्या काळाची आणि आजच्या नोकरीची बरोबरी होऊ शकत नाही, तिथे प्राण पणाला लागलेले असत. तरीही मला या दोन गोष्टी एकत्र सांगाव्याशा वाटतात. परतलेल्याला मनापासून जवळ घेतलं, आणि मधल्या काळात ज्याने भार वाहिला त्याची जागा हलवली नाही.

आजच्या कंपन्यांना यातलं पहिलं जमू लागलं आहे. दुसरं अजिबात जमलेलं नाही.

एक टीम मी जवळून पाहिली आहे, कंपनी कुठली ते महत्त्वाचं नाही. एक मुलगा आणि एक मुलगी एकाच बॅचमध्ये कॅम्पसमधून लागले, एकाच मॉड्यूलवर काम करू लागले. तो काही वर्षांनी दुसरीकडे गेला. ती राहिली. रिलीजच्या रात्री तीच थांबायची. महिनाअखेरीला अमुक एक जॉब का अडकतो आणि कोणत्या क्रमाने चालवला की सुटतो, हे टीममध्ये फक्त तिला माहीत होतं. तो परत आला तेव्हा दोन पायऱ्या वर आला, तिचा लीड म्हणून. पहिला आठवडाभर तिनेच त्याला केटी, म्हणजे कामाची माहिती, दिली. “तू होतास तेव्हाचं आता काही राहिलं नाही रे,” असं म्हणत तिने बोर्डवर नवी रचना काढून दाखवली. तो वहीत उतरवून घेत होता, मध्ये मध्ये शंका विचारत होता. मुलगा चांगला, तिच्याबद्दल आदर असलेला. त्याचं काही चुकलं नव्हतं. अपरेजलला मात्र तिला सांगण्यात आलं की यंदा बजेट नाही. तिने मॅनेजरला शांतपणे विचारलं, “मग मीही बाहेर जाऊन परत येऊ का?” त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर नसण्याचं कारण त्या मॅनेजरच्या स्वभावात शोधू नये. बहुतेक ठिकाणी भरतीचं बजेट वेगळं आणि पगारवाढीचं वेगळं असतं. बाहेरून येणाऱ्याचा पगार त्या दिवशीच्या बाजारभावाने ठरतो. आत असलेल्याचा पगार त्याच्या गेल्या वर्षीच्या पगारावर ठरावीक टक्के चढवून ठरतो, मग बाजार कुठेही गेलेला असो. ही पद्धत आहे तशी चालू ठेवून परतणाऱ्यांसाठी दार उघडलं, की घरातल्या प्रत्येकाला एकच गोष्ट कळते. इथे वर जायचा रस्ता बाहेरून आहे.

याचा अर्थ परतणाऱ्याला वरची जागा देऊच नये असा नाही. त्याने बाहेर काही कमावलेलं असेल तर त्याची किंमत व्हायलाच हवी. स्टीव्ह जॉब्स १९८५ मध्ये ॲपलमधून बाहेर पडले, त्यांनी नेक्स्ट नावाची कंपनी काढली आणि १९९६ च्या डिसेंबरात ॲपलने तीच विकत घ्यायचं ठरवलं तेव्हा जॉब्स परतले. नेक्स्टमध्ये घडलेलं सॉफ्टवेअर पुढे मॅक ओएस एक्सचा पाया झालं. ज्या इन्फोसिसचा जन्म १९८१ मध्ये पुण्यात, पटनी कॉम्प्युटर्स सोडलेल्या तरुणांच्या हातून झाला, त्याच इन्फोसिसमधून नंदन निलेकणी २००९ मध्ये आधारचं काम उभं करायला गेले आणि २०१७ च्या ऑगस्टमध्ये अध्यक्ष म्हणून परतले. मोठ्या माणसांच्या बाबतीत बाहेरच्या वर्षांचा असा हिशेब आपोआप होतो. साध्या नोकरदाराला कुणी विचारतच नाही. एचआर विचारतं, ‘पुन्हा का यायचंय?’ विचारायला हवं, ‘गेलास का होतास, आणि तिथे काय पाहिलंस?’ एक्झिट इंटरव्ह्यूमध्ये कुणी खरं सांगत नाही. रिलीव्हिंग लेटर आणि फुल अँड फायनलचे पैसे अडकलेले असतात, म्हणून जो तो ‘चांगली संधी मिळाली’ एवढंच लिहून मोकळा होतो. परत येणारा माणूस खरं सांगू शकतो, आणि त्याने सांगितलेल्या कारणाने त्याच घटकेला आणखी कुणीतरी आत बसून राजीनामा लिहीत असतं.

परतणाऱ्यावरही अन्याय होतो, पण तो कागदात दडलेला असतो. पीएफ माणसाबरोबर चालतो. २०१४ पासून यूएएन आल्यावर एकच क्रमांक सगळ्या नोकऱ्यांना पुरतो, आणि पैसे काढून घेतले नसतील तर पेन्शनसाठी लागणाऱ्या दहा वर्षांत वेगवेगळ्या ठिकाणची सेवा जोडली जाते. ग्रॅच्युइटीला ही आठवण नाही. १९७२ च्या कायद्याने घालून दिलेला नियम कायम नोकराकडे सलग पाच वर्षं मागतो, आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार देताना महिना सव्वीस दिवसांचा धरतो. समजा कुणी चार वर्षं काम करून गेलं, परत येऊन पुन्हा चार वर्षं राहिलं, आणि शेवटचं मूळ वेतन महागाई भत्त्यासह २६,००० रुपये आहे. आठ वर्षं सलग झाली असती तर १,२०,००० रुपये मिळाले असते. मध्ये खंड पडला म्हणून दोन्ही वेळा हाती काहीच नाही, आणि हे सगळं एकाच मालकाकडे. सरकारी नोकरीत निदान रीतसर परवानगीने दुसऱ्या पदावर जाणाऱ्याचा जुन्या पदावरचा धारणाधिकार काही काळ राखतात. खासगीत असं काही नाही.

ते घडवणं मात्र कंपनीच्या हातात आहे. ग्रॅच्युइटीचा कायदा किमान काय द्यायचं ते सांगतो, त्याहून बऱ्या अटी द्यायला अडवत नाही. परतणाऱ्याची आधीची सेवा आम्ही धरू, असं धोरणात लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. आणि त्याच धोरणात आणखी एक गोष्ट असावी. परतणाऱ्याचं ऑफर लेटर निघण्याआधी त्याच टीममध्ये, त्याच दर्जाचं काम करत थांबलेल्या माणसांचे पगार शेजारी मांडून पाहावेत, आणि तफावत असेल तर अपरेजलची वाट न पाहता ती भरून काढावी. यासाठी पैसे नाहीत असं सांगितलं जातं. तोच माणूस राजीनामा घेऊन समोर आला की काउंटर ऑफरसाठी दोन दिवसांत पैशांची सोय होते. ती सोय त्याने राजीनामा लिहिण्याआधी, त्याने न मागता व्हावी.