एका किकची सकाळ

पुण्यातल्या एखाद्या वाड्याच्या बोळात रविवारी सकाळी जुनी जावा मोटारसायकल उभी असते. मालक प्लग काढतो. टोक काजळीने काळं झालेलं. पॉलिश पेपरने ते हलक्या हाताने घासायचं, मग पॉइंट पुसायचे. ठिणगी निळी पडली की अर्धं काम झालं.

ही गाडी मूळची चेकोस्लोव्हाकियाची. यानेचेक आणि वांडरर या नावांची पहिली अक्षरं जोडून 'जावा' झालं. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात 1961 पासून ती बनू लागली, पुढे तीच येझदी म्हणून निघाली आणि 1996 मध्ये कारखान्याला टाळं लागलं. तिची गंमत डाव्या पायाशी आहे: गिअरचा दांडा आत दाबून वर फिरवला की त्याचीच किक होते. नवख्याला हे उमगेपर्यंत घाम फुटतो! टू-स्ट्रोक असल्याने पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं. ऑइल कमी पडलं तर इंजिन जाम.

सुटा भाग हवा असेल तर पावलं नाना पेठेकडे वळतात. तिथे मिळाला नाही तर दुसरा जावावाला आपल्या डब्यातला काढून देतो. खरी श्रीमंती ही.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा दिन असतो. त्या दिवशी गावोगावचे जावावाले एकत्र जमतात. कुणाची गाडी वडिलांची, कुणाची भंगारातून उचललेली. वाटेत एखादी बंद पडली की सगळे थांबतात, पाने-पकड बाहेर येतात, आणि दोन्ही सायलेन्सरमधून पुन्हा ती ओळखीची फटफट सुरू होते.