पार्टीची यादी

डिसेंबर लागला की नागपुरात मिहानमधल्या, वर्धा रोडवरच्या कचेऱ्यांत आणि तिथून मनीषनगरात घरी परतणाऱ्यांच्या बोलण्यात एकच विषय असतो: यंदा ऑफिसची पार्टी कुठे? विदर्भात त्यासाठी हॉटेलच हवं असं नाही. बेसा ओलांडलं की शेतं लागतात. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण, वरून तूप. आणखी थोडं थांबलं तर ज्वारीचा हुरडा. कुणी कणसं भाजतं, कुणी तळहातावर चोळतं, आणि त्या आगटीभोवती साहेबांची वेगळी खुर्ची राहत नाही. मला हा बेत फार आवडतो.

पण जागेआधी यादी बघावी. दारावरचे सुरक्षारक्षक, झाडझूड करणाऱ्या ताई, गाडी चालवणारे दादा हे बहुधा ठेकेदाराकडून आलेले असतात. त्यांची नावं कंपनीच्या पटावर नसतात, म्हणून निमंत्रणाचा ईमेल त्यांना जातच नाही. रोज भेटणारी माणसं अशी सुटतात, आणि ते मनाला लागतं.

वर्गणीही सरसकट नको. एकाला किरकोळ वाटणारी रक्कम दुसऱ्याची दिवसाची मजुरी असते. वेळ दुपारची ठेवली तर अंधारात परतायची काळजी नाही.

आज ऑफिसात गेलात की यादीचा कागद मागून घ्या. सुटलेली नावं स्वतः लिहा. आणि त्या दिवशी पहाऱ्यावर जो थांबेल, त्याचा डबा पंगत बसण्याआधी भरून ठेवा.