दंव, खमसीन आणि ओमेर



पेसाहच्या पहिल्या दिवशी आपण पावसाची याचना थांबवून दंवासाठी प्रार्थना करतो. आणि त्याच आठवड्यात कधी खमसीन सुटतो. अंगणातल्या वाफ्यातली कोवळी मेथी, कोथिंबीर एका दुपारीत करपते. मन खचते. प्रभूने आपले ऐकले नाही काय?

ओमेर म्हणजे जवाची पेंढी. तिच्या स्मरणार्थ दुसऱ्या रात्रीपासून आपण शाबुओथपर्यंत 49 दिवस मोजतो. हिरवा दिवस मोजायचा, तसा करपलेलाही. एकही गाळायचा नाही. म्हणून आपण पुन्हा बी पेरावे, सांजसकाळ पाणी घालावे. उगवणे त्याच्या हाती.

शेताचा कोपरा गरिबासाठी राखावा, अशी तोराची आज्ञा आहे. वाफा लहान असला तरी एक जुडी शेजारच्या एकट्या म्हातारीची समजावी. आमेन.