कुत्री कुणासाठी नेता रे?

उभे राहा तिघंही. बसायला कुणी सांगितलेलं नाही. आणि तो मोबाइल खिशात घाल. रील मी पाहिलंय, अख्ख्या गावानं पाहिलंय. मेलेला ससा कानाला धरून दात काढणारा तू, मागे खांद्यावर वाघुरीचं जाळं टाकलेला हा. कॅमेऱ्यामागं कोण होतं तेही सांगायची गरज नाही. ते खिदळणं मी दहावीपर्यंत रोज ऐकलंय.

रात्री अकराला डोंगराच्या कडेनं निघालात, कपाळाला बॅटरी, संगं दोन कुत्री. परत आलं ते एकच. दुसऱ्याचा नुसता पट्टा सकाळी बांधावरच्या बोराटीत सापडला. आणि तुम्ही पारावर काय सांगत सुटलात? 'सर, आम्ही वाघाला पळवून लावलं.' अरे, त्या बिबट्याला जे पाहिजे होतं ते घेऊन तो गेला. तुमचा नंबर लागला नाही, एवढीच तुमची मर्दुमकी!

कुत्री कुणासाठी नेता रे? सशासाठी? शेजारच्या नगर जिल्ह्यात, अकोल्याच्या भागात, विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा गोळा करून त्याचं खाणं तपासलं. 2014 साली ते छापूनही आलं. त्याच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, वजनानं जवळजवळ 40 टक्के. शेळ्या त्याच्या पार मागं. म्हणजे ज्याला चुकवायचं त्याचंच ताट वाढून तुम्ही त्याच्या दारात नेता, वर शिट्ट्या मारता.

तेवढ्यावरही थांबला नाहीत. ससा ओढ्यात उकिडवं बसून सोललात, आतडी तिथंच टाकलीत. बसलेला, वाकलेला माणूस बिबट्याला माणसाएवढा दिसत नाही, शेळीएवढा दिसतो. उकिडवी बसलेली बाई, खाली वाकून काम करणारा माणूस, लहान लेकरू, धोका यांनाच जास्त. आणि तुमच्या कपाळावरचा उजेड पुढं. पाठीमागं काळाकुट्ट अंधार, त्याच्याकडं तुमच्यातल्या एकाचंही तोंड नव्हतं. अमेरिकेत मोंटाना-वायोमिंगकडं ग्रिझली अस्वलांच्या मुलखात लोक रीतसर परवाना काढून, बंदूक घेऊन शिकार करतात. तिथं मारलेल्या जनावराच्या आतड्यांवर अस्वल येतं. म्हणून एक जण सोलत असला की दुसरा नजर ठेवून उभा राहतो, कमरेला तिखटाचा फवारा असतो, आणि मांस होईल तेवढ्या लवकर तिथून हलवतात. बंदूकवाले एवढे भितात. तुमच्याकडं काय होतं? चार्जिंगची बॅटरी अन् अर्धी बाटली.

नाकं मुरडू नका, वास इथवर येतोय.

2020 चा नोव्हेंबर विसरलात? तुमच्याच आष्टी तालुक्यात सुर्डी, किन्ही, पारगाव जोगेश्वरी. आठवड्याच्या आत बिबट्यामुळं तीन माणसं गेली. त्यात एक लहान पोर होतं. बाया तुरीत जायला तयार नव्हत्या, ज्वारी राखायला माणूस मिळत नव्हता. पुढं करमाळ्याकडं आणखी जीव गेले, त्यात ऊसतोड कुटुंबातली एक मुलगी. वन विभागानं पिंजरे लावले, ठार मारण्याचा आदेश काढला, आणि 18 डिसेंबरला वांगीजवळ त्या बिबट्याला गोळी घातली तेव्हा तीन जिल्हे मोकळा श्वास घ्यायला लागले. त्या महिन्यात तुम्हीच संध्याकाळी सहानंतर घराच्या कड्या लावून बसत होता. आता मिसरूड फुटलं म्हणून बिबट्या म्हातारा झाला काय?

ते गेलेले लोक मजा मारायला गेले नव्हते, हे मला जास्त झोंबतं. इथं शेतकऱ्याला लाइट रात्रीची मिळते, म्हणून तो कडाक्याच्या थंडीत दारं धरायला जातो. तुमचे आई-बाप दसरा-दिवाळीनंतर टोळीबरोबर कारखान्याला जातात, उसाच्या फडाशेजारी कोपीत लेकरं निजवतात. त्याच उसात बिबटीण पिल्लं घालते. त्यांना जावंच लागतं. तुम्हाला कुणी धाडलं होतं?

आणि कायदा. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा सशालाही आहे, मोरालाही आहे, काळविटालाही आहे. रानडुकरानं पिकाचं वाटोळं केलं तर रीतसर अर्ज करायची सोय आहे. क्लच वायरचे फासे लावायची नाही. त्या फाशात डुक्कर अडकलं नाही आणि बिबट्या अडकला, तर तीन वर्षांच्या खाली शिक्षाच नाही. आणि कमरेला तार आवळलेला बिबट्या सोडवायला कोण जाणार, तू? कुंपणाच्या तारेत आकडा टाकून करंट सोडायची अक्कलही तुमच्यातल्या कुणी तरी पाजळली म्हणे. त्या तारेला पहाटे पाणी बघायला आलेला तुझा चुलता चिकटेल, डुक्कर नाही.

ज्यांना रात्री जावं लागतं त्यांच्यासाठी सांगतो, घरी जाऊन सांगा, तेवढा तरी उपयोग होऊ द्या. एकट्यानं जायचं नाही. बोलत, खाकरत, मोबाइलवर भजन लावून जायचं. हातात काठी, बॅटरी मागंही फिरवायची. परसाकडं बसायचं तर उजेडात, सोबतीनं. लेकरू मध्ये चालवायचं, मागं नाही. बिबट्या समोर आला तर पळायचं नाही, वाकायचं नाही, त्याच्याकडं तोंड ठेवून मोठ्यानं ओरडत मागं सरायचं. उसात पिल्लं दिसली तर हात लावायचा नाही, फोटोला उचलायची नाहीत. फड सोडायचा आणि 1926 वर वन विभागाला फोन करायचा. आई रात्री येऊन नेते. आणि बिबट्या दिसला की शंभर माणसं काठ्या घेऊन त्याला घेरतात ना, त्या गर्दीत तुम्ही तिघं मला पुन्हा दिसलात तर गाठ माझ्याशी आहे.

आता ऐका. वाघूर, फासे, तारेचं वेटोळं, सगळं आज संध्याकाळच्या आत माझ्या ओसरीवर आणून टाका. ते रील आत्ताच्या आत्ता, माझ्यासमोर काढ. उद्या दहाला मी तुम्हाला घेऊन वनपालाकडं येणार आहे. काय केलं ते तुमच्या तोंडानं सांगायचं, मी एक शब्द बोलणार नाही. आणि उरलेलं कुत्रं बाहेर ओट्याला बांधू नका, रात्री आत घ्या.

जा आता.