थंडी रुसली म्हणून देवावर रुसायचं का?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



पौष लागला तरी यंदा आपल्या बिदरात शाली पेटीतच आहेत. ग्रुपवर दोन तक्रारी सारख्या येताहेत. लेकरं म्हणतात, मनालीत बर्फ पडतोय, अमेरिकेतल्या मावशीच्या अंगणात पडतोय, मग आपल्याकडंच का नाही? आणि शेतीवाल्या घरांतून येतंय, सात दिवस गुरुचरित्राचं पारायण केलं, तरी देवानं साधी थंडीसुद्धा का दिली नाही?

लेकरांचं उत्तर सोपं आहे. आपलं गाव पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच. दर हजार मीटर वर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. म्हणजे आपल्याकडची रात्र १० अंशांवर उतरली, तरी शून्य गाठायला अजून दीड हजार मीटर उंच डोंगर हवा. तो कुठून आणायचा? तेव्हा बाळांनो, आपला बर्फ फ्रीजमध्येच!

दुसरं दुखणं मात्र खरं आहे, ते हसण्यावारी नेऊ नये. हरभरा आणि रब्बी ज्वारी काळ्या रानातल्या ओलीवर, दवावर आणि थंडीवर येते. उत्तरेची कोरडी गार हवा उतरली आणि आभाळ निरभ्र असलं, की जमिनीची ऊब रात्री वर निघून जाते. पण बंगालच्या उपसागराकडून ढग आले की त्यांचं पांघरूण होतं, ऊब खालीच कोंडते. अशा हवेत घाटे अळीचं फावतं, फूल गळतं. वर्षाची डाळ ज्या रानावर, ते रान असं बघताना घरधन्याला रात्री झोप लागत नाही. त्याला "श्रद्धा कमी पडली" असं कुणी ऐकवू नये, ही माझी हात जोडून विनंती.

पारायण म्हणजे देवाकडं भरलेला ॲडव्हान्स नव्हे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. त्यात समुद्र आहे. पावसाळ्यात नद्या भरभरून येतात म्हणून तो फुगत नाही, उन्हाळ्यात आटतात म्हणून सुकत नाही. ऐकायला गोड वाटतं, पण ज्याचं बियाणं उसनवारीचं आहे त्याला हे कसं सांगायचं? मला तरी तोंड होत नाही.

म्हणून मला दामाजीपंत जास्त जवळचे वाटतात. त्यांच्या कथेत आपलं बिदर आहे. मंगळवेढ्याला बादशहाचे कामदार, दुष्काळ पडला, माणसं दाण्याविना मरू लागली. पंत विठोबाचे मोठे भक्त, पण पाऊस पाड म्हणून हटून बसले नाहीत. त्यांनी सरकारी कोठारं उघडली आणि धान्य वाटून टाकलं. शिक्षा ठरलेलीच होती. मग विठू महार होऊन देव इथं, बिदरच्या दरबारात आला आणि रक्कम भरून पावती घेऊन गेला. बघा, देवानं आभाळ बदलल्याचं कथेत कुठंच नाही. तो आला तो कोठार उघडणाऱ्या माणसाच्या मागं उभा राहायला.

आपल्याकडं कोठार नाही, हात आहेत. जुनी माणसं हरभऱ्यात ज्वारीचे थोडे दाणे मिसळून पेरायची. त्या ताटांवर साळुंक्या बसतात आणि अळ्या टिपतात. ज्यांनी तसं पेरलं नाही त्यांच्या रानात इंग्रजी टी सारख्या काठ्या रोवल्या तरी पाखरं बसतात. येत्या रविवारी सकाळी आपण काही गुरुबंधूंच्या रानात त्या रोवणार आहोत. काठ्या, सुतळी आणि कोयता आणावा. डबा आपापला, चहा आमच्याकडून. लेकरांनाही आणा, हरभऱ्याच्या पाल्यावरची आंब त्यांना बोटानं चाखू द्या. ज्यांच्या रानाला गरज आहे त्यांनी संकोच न करता शुक्रवारपर्यंत ग्रुपवर कळवावं.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥